नानांची कोथिंबीर

धणे पेरून दहा दिवस झाले तरी कुंडीत काहीच उगवेना, तेव्हा लीलाधरनानांचं जेवणातलं लक्ष उडालं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर हौसेने हाती घेतलेलं हे त्यांचं पहिलंच काम. रत्नाकाकूंना त्यांचं तोंड बघवेना. अकराव्या दिवशी पहाटे काकूंनी भाजीसाठी मुळं कापून ठेवलेली कोथिंबिरीची जुडी घेतली आणि एकेक काडी ओल्या मातीत खोसून टाकली. दोन दिवस तरी माणूस नीट जेवेल, एवढाच विचार.

नाना अंगणात आले आणि कुंडीसमोर हात जोडून उभेच राहिले.

"रत्ना, दख. एका रातमा वीतभर."

"धणे चांगले असतील," काकू म्हणाल्या.

धणे शेजारच्या सुरेशचंद किराणावाल्याचे. तो बघायला आला आणि न बोलता कुंडीभोवती फिरला. दुकानात गेल्यावर मात्र तो गप्प राहिला नाही. संध्याकाळी अंगणात अकरा जण चपला काढून उभे होते, नाना हलक्या आवाजात माहिती देत होते आणि काकू आत अकरा कप चहा गाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीने मान टाकली. नानांनी भडगावच्या पुतण्याला, योगेंद्रला, फोन केला. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं.

"पानावर पांढरं काही नाही, म्हणजे भुरी रोग नाही," नाना सांगत होते. "तू येच."

योगेंद्र तेराव्या दिवशी आला. त्याने एक काडी उपटली. मुळाच्या जागी विळीचा सरळ काप होता. त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी तुळशीकडे पाहिलं.

"काय शे?" नानांनी विचारलं.

"मर रोग शे, नाना," योगेंद्र घसा खाकरून म्हणाला. "पाणी जास्ती झालं की मूळ कुजतं. इथे तर राहिलंच नाही. बठ्ठी उपटनी पडी, एकही काडी ठेवू नका."

कोणी दुसरी काडी बघायच्या आत काकूच पुढे सरसावल्या आणि भराभरा उपटू लागल्या. मधेच त्यांचा हात थांबला. सुकलेल्या काड्यांच्या सावलीत, माती किंचित उचलून, दोऱ्यासारखे कोंब वर आले होते. तीस-चाळीस तरी असतील. काहींच्या डोक्यावर धण्याचं टरफल अजून तसंच होतं.

काकू उकिडव्या बसल्या. चाळीस वर्षं त्या धणे भाजत आणि कुटत आल्या होत्या. त्यातला प्रत्येक दाणा असा उठून उभा राहू शकला असता, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती जुडी मी खोसली होती. बाजारातली."

नाना गुडघ्यांवर वाकले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत्ताच उठलेत ते."