बिनतारेच्या खांबाचा पहारेकरी

निवृत्त हवालदार रंगराव यांच्यावर अन्याय झाला तो त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या वाडीत, चावडीसमोर. तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी विजेच्या खांबापुढं सावधान उभा राहतो, वर बघतो आणि मोठ्यानं रिपोर्ट देतो, "खांब एक. तार न्हाई."

त्या मंगळवारी जीपमधून एक साहेब आले. खांब आदल्याच दिवशी रोवलेला, मुळाशी माती ओली. नारळ फुटला. आशिया खंड अंधारातून कसा उठतोय आणि त्यात आमच्या वाडीचं पाऊल कसं पडतंय, हे साहेबांनी तासभर सांगितलं. आपण आशियात आहोत हे वाडीला तोवर कुणी कळवलंच नव्हतं. मग कागद पुढं आला. गावात वीज पोचली, साक्षीदाराची सही.

"हवालदार, सही," साहेब म्हणाले.

हवालदारांनी टाचा जुळवल्या आणि सही ठोकली. पलटणीत हुकूम आधी पाळायचा, विचार मागाहून करायचा. इथं विचार आला तोवर जीप रहिमतपूरच्या पुढं गेली होती.

आता कागदावर आमच्या वाडीत लख्ख उजेड आहे. तार मागायला गेलं की कचेरीत सांगतात, तुमच्याकडं वीज आहे, आधी अंधारातल्या गावांची सोय बघू द्या. खांब मात्र रिकामा नाही. म्हशी त्याला अंग घासतात, निवडणुकीत तिन्ही उमेदवार त्याला चिकटतात. अमावास्येला कुणीतरी शेंदूर लावून जातं. हवालदार तो फडक्यानं पुसून काढतात. म्हणतात, "ह्याचा द्येव झाला की मग तार कोन मागतंय?"

वीस वर्षांमागं, तिथली लढाई थांबल्यावर, ते आपल्या पलटणीबरोबर कोरियात युद्धकैद्यांवर पहाऱ्याला होते. शिळ्या पेपरात त्या देशाचं नाव दिसलं की मला हाक मारतात. "धड भिंत उभी न्हवती रं तितं. आता कारखान्यांची रांग लागलीया म्हनं. आन आपल्यावर तर कुनी बाँबबी टाकला न्हवता."

मी कैकदा सांगितलं, आण्णा, दोष सही करवून घेणाऱ्याचा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "हात माझा व्हता."

साताऱ्याहून आणलेला एक बल्ब त्यांनी घरात आढ्याला सुतळीनं टांगला होता. गाव हसलं. मीही हसलो.

परवा दिवेलागणीला त्यांच्याकडं गेलो. हौसाक्का, त्यांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांना आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. वाईचे डॉक्टर म्हणाले, तेही फार दिवस नाही. कोरियातून आलेल्या पत्रात हवालदारांनी तिला लिहिलं होतं की आपल्या घरात असा दिवा लावीन, की बसल्या जागी सुईत दोरा ओवशील.

हवालदार बल्बाखाली उभे होते. पेटलेला कंदील त्यांनी दोन्ही हातांनी बल्बापर्यंत उचलून धरला होता.

"आला बग करंट," ते म्हणाले.

"व्हय की. लय झ्याक," हौसाक्का म्हणाली.

एका खोट्या सहीपायी रोज सावधान उभा राहणारा हा माणूस घरात हे रोज करतो. ते कंदील ठेवायला मागल्या दारी गेले, तशी हौसाक्कानं माझा हात चाचपून धरला.

"घासलेटचा वास येतूय रं मला. त्यास्नी सांगू नगंस."

मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे. आपली सही रद्द करावी आणि वाडीला तार द्यावी, असा अर्ज हवालदारांनी लिहिला आहे. खाली हौसाक्काचा अंगठा आहे. येत्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, साताऱ्याच्या वीज कचेरीच्या दारात आम्ही उभे असू. तुम्ही या. अंगठ्याखाली जागा मोकळी ठेवली आहे, तिथं सही करा. मात्र करण्याआधी अर्ज वाचा.