चौथं शील आणि फोर-के टीव्ही

"पंचशील रोज म्हणायचं गं, पण चौथ्याला जरा थांबायचं," माझी आई रंभाबाई सांगायची. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. लंडनच्या इल्फर्डमध्ये वीस वर्षं रोज सकाळी मी तिथं थांबते. त्यामुळे खोटेपणा मला लांबूनच दिसतो, असा माझा दावा होता!

म्हणून तर नवा फोर-के टीव्ही लावल्या लावल्या मी ओरडले. माझ्या बारीक आवाजाच्या मानानं ओरडले. यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

"अहो, मेन्यूची अक्षरं बघा! भिजलेलं वर्तमानपत्र जसं! मनाशेकाकांनी साधा टीव्ही फोर-के म्हणून गळ्यात मारला!"

"विहाराच्या ग्रुपवर टाकू नकोस हं," हे म्हणाले. तोवर टाकलं होतं.

दहा मिनिटांत अकरा घरांत अकरा भिंगं निघाली. सगळे टीव्ही मनाशेकाकांच्याच दुकानातले, सगळे मेन्यू धूसर! दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही दुकानावर धडकलो. शटर खाली!

"पळाला!" ग्रुपमधली अनुष्का किंचाळली.

काका मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार. शनिवारी त्यांचं दुकान कधीच उघडं नसतं, हे आमच्यातल्या एकालाही आठवलं नाही.

रविवारी काका दुकानात हजर, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत.

"अगं बाय, टीव्हीचा मेंदू एवढासा! मेन्यू तो लहान काढतो नि पडद्याभर ताणतो. सिनेमा वेगळ्या वाटेनं थेट येतो, एक ठिपका न गाळता. मोठा मेंदू बसवतील, पण मेन्यू बघायला टीव्ही घेतं कोण?" माझ्याकडे बघत म्हणाले, "तू सोडून!"

त्यांनी बोधिवृक्षाचा व्हिडिओ लावला. पानाची शीर न् शीर दिसली! मी भिंग पर्समध्ये ढकललं.

"चाळीस वर्षांत मला कुणी लबाड म्हटलं नव्हतं गं," काका हळूच म्हणाले. "सकाळपासून तिघांनी ऑर्डर रद्द केली."

"काका, अकराही घरी जाऊन माझी चूक सांगेन. शब्द देते!"

"ग्रुपवर टाक की," हे म्हणाले.

"ग्रुपवर टाकूनच झालं ना हे सगळं!"

सोमवारी चौथ्या शीलाला इतकी थांबले की दूध उतू गेलं. मग कोट चढवला, पत्त्यांची चिठ्ठी घेतली आणि आवाज न करता दार ओढलं.

भिंगही घेतलंय. दारांवरचे नंबर कुणी ताणलेले नसतात, तरी मला धूसरच दिसतात!