ठोकळ्याची दाढ

इंजिनीअर काँक्रीटचा ठोकळा पोटाशी धरून घरी आला तेव्हा बायकोने दारातच विचारले, "हे आत कशाला?"

"पाण्यात भिजत ठेवायचाय."

"गॅलरीत ठेवा की."

"गॅलरीत वाळेल. वाळला की मेला."

बायकोने ठोकळ्याकडे नीट पाहिले. वीतभर लांब, वीतभर रुंद, तेवढाच उंच, आणि नवऱ्याचे खांदे ज्या प्रकारे खाली आले होते त्यावरून चांगलाच जड. त्यात मरण्यासारखे काय जिवंत आहे ते तिला दिसेना. पण लग्नाला बरीच वर्षे झाली असल्यामुळे ती बाजूला सरली.

प्रकरण असे होते, की इंजिनीअर गेली पंचवीस वर्षे इमारती बांधत होता. बांधत होता म्हणजे बोट दाखवत होता. तो बोट दाखवी तिथे कॉलम उभा राही. यंदा त्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि नवीन नियमाप्रमाणे नूतनीकरणासाठी काँक्रीटच्या उजळणी वर्गाला बसणे सक्तीचे झाले होते. वर्ग घेणाऱ्या बाई वयाने त्याच्या निम्म्या आणि आवाजाने दुप्पट होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या पिकल्या केसांच्या विद्यार्थ्यांना रबरी हातमोजे वाटले. "प्रत्येकाने आपापला क्यूब, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, स्वतःच्या हातांनी भरायचा," त्या म्हणाल्या, "मग घरी न्यायचा, महिनाभर पाण्यात ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी इथे मशीनखाली फोडायचा. पुरेसा भार सोसला तर पास."

"लॅबमध्ये टाकी आहे ना?" कुणीतरी विचारले.

"आहे. पण मग काळजी मी घेणार आणि परवाना तुम्हाला मिळणार."

वर्गात नापास म्हणजे परवाना नाही, परवाना नाही म्हणजे नकाशावर सही नाही, आणि सहीविना इंजिनीअर म्हणजे हेल्मेट घातलेला बघ्या. ठोकळा बाथरूममधल्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात जाऊन बसला.

तीन आठवडे त्याला कुणी काही म्हटले नाही. इंजिनीअर सकाळ-संध्याकाळ टबात डोकावून येई. आपल्या हातांनी बनलेली ही त्याच्या आयुष्यातली पहिली वस्तू होती, आणि ती सरळ उभी होती, याचे त्याला मनातून फार कौतुक वाटे. मग सासरे राहायला आले.

सासरे दातांचे डॉक्टर होते. त्यांनी वर्षापूर्वी दवाखाना बंद केला होता, पण दवाखान्याने त्यांना अजून सोडले नव्हते. हत्यारांची छोटी बॅग त्यांच्यासोबत सगळीकडे जाई. ते समोरच्या माणसाचे डोळे न पाहता दात पाहत, आणि संधी मिळताच म्हणत, "आ करा." गेल्या वर्षात शेजारीपाजारी, पेपरवाला, लिफ्टमधली माणसे, सगळ्यांची त्यांच्यापुढे तोंडे उघडून झाली होती. एकटा जावई तेवढा हाती लागला नव्हता. इंजिनीअरची डावीकडची एक दाढ कधीपासून किडली होती, आणि त्याला साइटवरच्या दहाव्या मजल्याचीसुद्धा भीती वाटत नसली तरी दातांच्या खुर्चीची वाटे. म्हणून तो उजवीकडून जेवे आणि सासऱ्यांसमोर ओठ मिटून हसे. सासऱ्यांचा समज असा झाला होता, की जावई गंभीर प्रकृतीचा आहे.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आंघोळीला निघाले आणि दारातूनच परतले.

"पोरी, टबात कुणीतरी बसलंय."

"क्यूब आहे तो, बाबा. ह्यांचा."

"त्याची झाली की मी जातो."

बायकोला बापाची लाज वाटली आणि नवऱ्याचा राग आला. इंजिनीअर खाली गाडी पुसत होता. तिने ठोकळा उचलला, पण ठेवायचा कुठे? नवऱ्याने बजावले होते, एक क्षणही कोरडा राहता कामा नये. बाथरूमबाहेरच्या बोळात कपडे धुण्याचे जुने मशीन होते, आणि त्या मशीनला 'भिजवणे' असे स्वच्छ लिहिलेले बटण होते. भिजवायचेच तर आहे. मशीनला लागू नये म्हणून तिने ठोकळा जुन्या टॉवेलात गुंडाळला, आत ठेवला, बटण दाबले, आणि एका समस्येचा इतक्या व्यवस्थित निकाल लावल्याच्या समाधानात भाजी चिरायला घेतली.

या मशीनची एक सवय होती. ते भिजवण्यावर थांबत नसे. भिजवून झाले की ते आपणहून धुवायला लागे आणि धुऊन झाले की पिळायला.

डॉक्टरांना आंघोळीला वेळ लागे. ते साबण लावत होते तेव्हा बाहेर धप्प, धप्प असा आवाज सुरू झाला. खालून वर आलेल्या इंजिनीअरने तो ऐकला आणि त्याला वाटले, शेजारी भिंत पाडतायत. मग मशीन पिळायला लागले. आतला ठोकळा एका बाजूला, आणि मशीन त्याच्या मागे. ते थरथरले, उचलले गेले, आणि नांदायला निघालेल्या एखाद्या जाड बाईसारखे डुलत डुलत बोळातून चालू लागले.

"जावईबापू," आतून आवाज आला, "भूकंप आहे का?"

"नाही डॉक्टर. मशीन चालतंय."

"मशीन चालायचंच की."

"तसं नाही. तुमच्याकडे येतंय."

इंजिनीअरने मशीनला मिठी मारली. मशीनने त्यालाही बरोबर घेतले. शेवटी वायर ताणली गेली, प्लग निघाला आणि मशीन बाथरूमच्या दाराला टेकून शांत झाले. बाथरूमचे दार बाहेर उघडणारे होते. आतली जागा वाचावी म्हणून ते तसे बसवण्याची कल्पना इंजिनीअरची, आणि बोळ बरोबर मशीनच्या मापाचा ठेवून एक इंचही वाया न घालवण्याची कल्पनाही त्याचीच. आता मशीन दार आणि भिंत यांच्यामध्ये असे बसले होते, की जणू आर्किटेक्टने ते तिथेच दाखवले होते.

"असं काय घातलंयस त्यात?" त्याने बायकोला विचारले.

"तुमचा क्यूब."

इंजिनीअरने झाकण उघडून आत पाहिले.

"भिजत ठेवायचाय म्हणालात. पिळायचा नाही असं म्हणाला नव्हतात."

दोघांनी ढकलून, ओढून, एकमेकांना सूचना देऊन मशीन हलवले आणि इंजिनीअरने ठोकळा बाहेर काढला. डॉक्टर टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कानाला फेस होता. इंजिनीअरला वाटले, आता बोलणी बसणार. पण डॉक्टरांचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. ते त्याच्या हातातल्या ठोकळ्याकडे पाहत होते. ठोकळ्याचा एक कोपरा, लिंबाएवढा, उडाला होता.

"तुकडा पडला," डॉक्टर हळूच म्हणाले.

इंजिनीअर जमिनीवर बसला. कोपरा उडालेला क्यूब चाचणीला घेत नाहीत. नवीन भरायचा तर पुन्हा महिनाभर पाण्यात, आणि परवान्याची मुदत त्याआधीच संपत होती. चालू इमारतीच्या पुढच्या मजल्याचा नकाशा टेबलावर त्याच्या सहीची वाट पाहत होता. आता तो दुसऱ्याच कुणाच्या सहीने वर जाणार आणि आपण खाली उभे राहून मान वर करून बघणार.

"दिवाणखान्यात आणा," डॉक्टर म्हणाले. "उजेडात."

त्यांनी शर्ट चढवला, बॅग उघडली आणि छोटा आरसा लावून मोडलेल्या जागेची तपासणी केली.

"आधी सैल झालेलं सगळं कोरून काढायचं. मग आत थोडं रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवायचं, म्हणजे भरलेलं निसटत नाही. माझ्याकडे दवाखान्यातला दात भरायचा माल शिल्लक आहे. मुदत संपलीय, पण हा काही तक्रार करणार नाही."

"डॉक्टर, पण ते धरायला जागा कोरडी लागेल ना?"

"एकदम कोरडी."

"आणि क्यूब ओला राहायला हवा."

"जावईबापू, तोंडात काय ऊन पडलेलं असतं? जन्मभर ओल्यात कोरडं काम केलंय मी."

टब दिवाणखान्यात आला. ठोकळा तिरका करून पाण्यात ठेवला. मोडका कोपरा तेवढा बाहेर. त्याच्याभोवती डॉक्टरांनी कापसाच्या गुंडाळ्या लावल्या. बायको केस वाळवण्याचे यंत्र धरून उभी राहिली. डॉक्टर पातळ थर देत, तो घट्ट व्हावा म्हणून त्यावर निळा दिवा धरत, मग पुढचा थर.

"एकदम भरून का टाकत नाही?" इंजिनीअरने विचारले.

"आतलं कच्चं राहतं."

"आमच्यातही तसंच असतं," इंजिनीअर म्हणाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सासरे-जावयाचे कशावर तरी एकमत झाले. अख्खी दुपार गेली. डॉक्टरांचा हात एकदाही हलला नाही. रंग त्यांनी सर्वांत गडद निवडला, अट्टल सिगारेटवाल्यांसाठी ठेवलेला, आणि वरून सिमेंटची चिमूट चोळली. काम संपल्यावर ते नेहमीच्या सवयीने ठोकळ्याला म्हणाले, "आता चूळ भरा."

बायको आत जाऊन हसून आली. पण तिने एक पाहिले होते: वर्षभरात बाबांनी आज पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता दुपार घालवली होती.

चाचणीच्या दिवशी डॉक्टर हट्टाने बरोबर आले. पेशंटला एकट्याला पाठवायची त्यांची पद्धत नव्हती.

"मी बाईंना खरं ते सांगणार आहे," वाटेत इंजिनीअर म्हणाला.

"पेशंटची माहिती आपण बाहेर सांगत नाही."

"माझ्या सहीवर माणसं राहायला येतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. या वेळी चक्क डोळ्यांकडे. "मग सांगा," ते म्हणाले.

पण बाईंना वेळ नव्हता. "बाई, एक सांगायचं होतं," असे इंजिनीअर म्हणेपर्यंत त्यांनी "नंतर, नंतर" म्हणत ठोकळा मशीनखाली सरकवलासुद्धा. काटा चढू लागला. डॉक्टरांनी जावयाचे मनगट धरले. काटा हव्या त्या आकड्यापाशी आला, पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मग ठोकळा दबक्या आवाजात फुटला. चारी बाजूंनी कपचे निखळले. त्यांतला एक घरंगळत बाईंच्या बुटापाशी आला. ठोकळ्याचे बाकी सगळे फुटले होते. हा भरलेला कोपरा तेवढा जसाच्या तसा होता, आणि जिथे सिमेंटची चिमूट उडाली होती तिथे दातासारखा चमकत होता.

बाईंनी तो उचलला. "हे काय आहे?"

"तेच सांगायचं होतं," इंजिनीअर म्हणाला, आणि त्याने सगळे सांगितले. टब, बटण, बोळ, टॉवेल, निळा दिवा. वर्गातले विद्यार्थी हातातले क्यूब खाली ठेवून ऐकू लागले.

बाईंनी ऐकून घेतले. "भार भरपूर सोसलाय. पण दुरुस्त केलेला क्यूब धरता येत नाही. हा बाद."

इंजिनीअरने मान हलवली. त्याला हेच अपेक्षित होते, तरी डाव्या दाढेतून एक कळ गेली.

बाई मात्र अजून कोपरा फिरवून पाहत होत्या. "हे धरलं कसं? आत कोरलं होतं?"

"आत रुंद, बाहेर अरुंद," डॉक्टर म्हणाले. "आणि आधी सगळं सैल काढलं. लोक तेवढंच करत नाहीत. किडीवरच भरतात आणि वर्षाने माझ्याकडे येतात."

"आमच्याकडे तडेच तडे आणि वरून गिलावा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात माझा दुरुस्तीचा तास आहे. शिकवायला जो येतो तो स्वतःचा माल विकून जातो. तुम्ही याल?"

डॉक्टरांनी बॅगेची कडी उघडली आणि पुन्हा लावली. कुणी आपणहून त्यांना काही विचारल्याला वर्ष झाले होते.

"येतील," इंजिनीअर म्हणाला.

"आणि तुम्हीही या," बाई त्याला म्हणाल्या. "क्यूब बाद झालेल्यांना दुरुस्तीचं प्रात्यक्षिक देता येतं, मुदतीच्या आत. पास केलंत तर गुण धरीन. मात्र तपासणार हे डॉक्टर."

त्या तासाला डॉक्टर पांढरा कोट घालून गेले. त्यांनी फळ्यावर दाढेचे चित्र काढले आणि समोरच्या पिकल्या केसांना कोपरे उडालेले ठोकळे वाटले. इंजिनीअर पहिल्या बाकावर बसला होता. त्याने मान मोडून काम केले. डॉक्टर आरसा घेऊन आले, वाकले आणि म्हणाले, "कडा भुसभुशीत आहेत. पुन्हा कोरा."

"डॉक्टर, जावई आहे मी."

"म्हणून तर सांगतोय."

त्याने पुन्हा कोरले. दुसऱ्या खेपेला पास झाला.

परवाना आला त्या संध्याकाळी इंजिनीअरने नकाशावर सही केली. मग तो स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाला, "तू ते बटण दाबलंस, बरं झालं." बायकोने त्याच्याकडे संशयाने पाहिले, या घरात बटणाबद्दल कौतुक व्हायची ही पहिलीच वेळ होती. सासऱ्यांचे परतीचे तिकीट त्याने न विचारता पुढे ढकलले होते, तेही तिला सांगितले. आता बाईंच्या वर्गावर त्यांचा दर महिन्याला एक तास ठरला होता ना.

मग तो दिवाणखान्यात गेला. खुर्ची खिडकीपाशी ओढली, बसला, मान मागे टाकली आणि तोंड उघडले.

डॉक्टरांनी पेपर बाजूला ठेवला. सावकाश बॅग उघडली, आरसा घातला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"बांधकाम जुनं आहे," ते शेवटी म्हणाले, "दुर्लक्षही झालंय. पण पाडायला नको. पाया शाबूत आहे."

बायको दिवा धरायला येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी दोन्ही गालांत कापसाच्या गुंडाळ्या सारल्या आणि त्याच वेळी इंजिनीअरला आठवले, की आभार मानायचे राहून गेले. दोन वाक्ये त्याने दुपारपासून मनाशी जुळवून ठेवली होती. त्याने ती म्हटली. बायकोला त्यातून नुसते "आँ ऊँ आँ" ऐकू आले.

"काय म्हणतायत?" तिने विचारले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि कोरायला सुरुवात केली. तोंडात कापूस असलेल्या माणसांचे बोलणे त्यांना जन्मभर स्पष्ट कळत आले होते.