गावचा हेल

"गावचा हेल? तो माझ्या रक्तातच आहे, साहेब," असं ठणकावून सांगत त्याने आजोबांची भूमिका पटकावली होती. तीस वर्षं साबणापासून विम्यापर्यंत सगळ्या जाहिरातींना त्याचाच आवाज. गुळगुळीत, कुठल्याच गावचा नसलेला. आता रेडिओच्या नाटकात पहिल्यांदाच त्याच्या मुलखातला म्हातारा बोलणार होता. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या हेलात एकदा तरी बोलायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

तो माईकसमोर बोलला. काचेपलीकडे दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"तुम्ही गावच्या माणसाची नक्कल करताय."

"नक्कल कसली? मी तिथलाच आहे."

पुढच्या वेळी त्याने वाक्याचं शेपूट वर उचललं. त्याच्या पुढच्या वेळी इतकं उचललं, की म्हातारा गायला बसलाय असं वाटायला लागलं. दिग्दर्शक दुसऱ्या नटाला बोलवायची भाषा करू लागला, तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला.

"थांबा. लग्न झालं तेव्हा मी कसा बोलायचो, ते बायकोलाच विचारा." त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, दोन्ही किल्ल्या खिशात घालून गेलात," बायकोने सुरुवातच तिथून केली. "मघापासून जिन्यात बसलेय, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. वरच्या बाई विचारतात, भांडण झालं का? काय सांगू त्यांना? आणि फोन का उचलत नाही तुम्ही?"

रागाच्या भरात तिचा शब्द न् शब्द लांबत होता आणि वाक्याच्या शेवटी हळूच वर चढत होता. आई अशीच रागवायची.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला होता. "वहिनी तुमच्याच गावच्या?"

"छे, ती राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही तिच्या बोलण्याला हसायचो."

बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं. सत्तावीस वर्षं तिने सासूबरोबर स्वयंपाकघरात काढली होती, आणि तेवढीच वर्षं तो बाहेर आपली जीभ घासत होता. आईचा सूर घरातच राहिला होता, रोज त्याच्यावर ओरडत होता, आणि त्याला ते नुसतं ओरडणं वाटत होतं. त्याला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

त्या दुपारी आजोबांची आजी झाली आणि भूमिका बायकोला मिळाली. त्यालाही एक काम निघालं: शहरात राहून बोली विसरलेला मुलगा, ज्याच्या बोलण्याला आजी नाटकभर हसते.

"सराव नको," दिग्दर्शक म्हणाला. "मघाशी गावचं म्हणून जसं बोललात, तसंच बोला."