सिंह रजा

एका जंगलात, बाळांनो, चक्क एक टांकसाळ होती. हसू नका. जिथे राजा असतो, तिथे त्याचं तोंड छापायची सोयही असते.

त्याच जंगलात शेवंता नावाची चिचुंद्री राहायची. तिचं बीळ ओढ्याकाठी. आत कायम ओल. पिल्लं सारखी शिंकायची.

एकदा बीळ उकरताना तिला जुनं नाणं सापडलं. थोरल्या सिंहमहाराजांच्या काळातलं. त्यांच्या नाण्यांवर 'सिंह राजा' असं असायचं. याच्यावर होतं 'सिंह रजा'. काना गायब!

शेवंता धावतच तांबट पक्ष्याकडे गेली. जुन्या नाण्यांतला जाणकार म्हणून त्याचा भारी दबदबा. त्याने नाणं चोचीने वाजवलं, भिंगाखाली धरलं, मान तिरकी केली.

"काना घासून गेलाय का हो, काका?" शेवंताने भीत भीत विचारलं.

"छे! घासला असता तर पुसट खूण राहिली असती. कुणी खरवडला असता तर ओरखडा दिसला असता. हा मुळात उठलेलाच नाही. साच्यातच नव्हता. शेवंते, ही टांकसाळीची चूक! नशीब काढलंस, पोरी."

जुनी नाणी जमवायच्या शौकाची तऱ्हाच न्यारी. बरोबर नाण्याला कुत्रं विचारत नाही, चुकलेल्यावर मात्र उड्या पडतात.

अस्वलशेठ तर अशा चुकांपायी वेडा. तो म्हणाला, "जांभळीखालचं माझं कोरडं बीळ तुझं. फक्त टांकसाळीकडून 'चूक आमची' एवढं वदवून आण."

एवढंच ना! शेवंता बिचारी भोळी. पिल्लांना बोचकी बांधायला सांगून निघाली.

टांकसाळीचा प्रमुख होता तरस. नाणं बघून त्याचा चेहरा पडला. तो आत गेला. बऱ्याच वेळाने हसत बाहेर आला. तरस हसायला लागला की समजावं, आपलं काही खरं नाही.

"चूक? आणि सरकारी टांकसाळीत? अगं, नाणं अगदी बरोबर आहे. त्या साली थोरले महाराज रजेवर होते."

"वर्षभर?"

"हक्काची रजा होती. साठलेली."

लगोलग दवंडी पिटली गेली. त्या सालच्या इतर नाण्यांवर ज्यांना काना दिसतो, त्यांनी डोळे तपासून घ्यावेत.

तांबटाने ताबडतोब चष्मा लावला. "आता नीट दिसतंय," तो म्हणाला. "बाकीच्या नाण्यांवर काना नाहीच. धूळ बसलीय."

"अहो काका, तुम्हीच म्हणालात ना, साच्यात..."

"मी? मी तेव्हा रजेवर होतो."

अस्वलशेठने नाणं शेवंताच्या हातावर परत ठेवलं. "बरोबर नाणं घेऊन मी काय करू, बाई? चाटू?"

शेवंता घरी आली. पिल्लं बिळाच्या तोंडाशी बोचक्यांवर बसली होती.

"आई, निघायचं?"

तिला रडू फुटलं. "सोडा रे बोचकी," ती म्हणाली. "आपलं नाणं बरोबर निघालं."

तात्पर्य: बाळांनो, चुका जरूर करा. चुकांना फार मोल असतं. फक्त त्याआधी स्वतःची टांकसाळ काढा.