तळ्यातले तिलापिया

तळ्यात एकही मासा नव्हता.

सेलोर्मने आधी उभं राहून पाहिलं, मग वाकून, मग चक्क गुडघे टेकून. हातातल्या पावाचा चुरा पाण्यात टाकला. एरवी चुरा पडायचा अवकाश, पाण्यात नुसती झुंबड उडायची. आज तो चुरा निवांत तरंगत काठाला लागला आणि तिथेच भिजून बसला.

तेमा शहरातल्या त्या कारखान्यात छपरांचं सामान तयार व्हायचं. जस्त चढवलेले पत्रे, छपराला तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, खिडक्यांच्या चौकटी. पत्रे धुतलेलं पाणी पूर्वी सरळ गटारात जायचं. सेलोर्म पर्यावरण अधिकारी म्हणून आला आणि मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडम देदेईंच्या, मागे लागून लागून त्याने पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवून घेतली. शुद्ध पाणी तळ्यात साठायचं आणि पुन्हा पत्रे धुवायला जायचं. "शुद्ध आहे कशावरून?" असं मॅडमनी विचारलं, तेव्हा पठ्ठ्याने तळ्यात तिलापिया सोडले आणि काठावर पाटी ठोकली, 'या पाण्यात मासे जगतात.'

आणि आजच पर्यावरण खात्याची तपासणी होती. प्रमाणपत्र नाही, तर कोफोरिदुआ शहरातल्या शाळांच्या छपरांचं काम नाही. आणि ते काम नाही, तर कैच्यांचं खातं बंद, असं मॅडमनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

 मासे मेले म्हणावेत तर मेलेले तरी दिसायला हवेत. बगळ्यांनी नेले? एवढे? विचार करायला सवड नव्हती. तो धावत फाटकाशी गेला. तिथे याकुबू ड्रायव्हर पिकअपची काच पुसत होता.

"याकुबू, गाडी काढ. अशायमानच्या बाजारातून पिंपभर तिलापिया आण."

"भाजलेले की खारवलेले?"

"जिवंत!"

याकुबूने फडकं खाली ठेवलं. "बॉस, तब्येत बरी आहे ना?"

"वळवळणारे हवेत. आणून गुपचूप तळ्यात सोड. कुणाच्या नजरेस पडू नकोस, आणि कुणाला बोलू नकोस."

"बोलू काय? मला तरी कुठे काय कळलंय?"

पिकअप गेली आणि त्याच धुरळ्यातून तपासणीची गाडी आत आली. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. डॉ. अकोतोबाई उतरल्या त्याच मुळी पायात रबरी बूट घालून.

"आधी ते तळं बघू या," त्या म्हणाल्या. "पाटीबद्दल फार ऐकलंय."

"तळं शेवटी!" सेलोर्म जरा ओरडलाच. "म्हणजे... आधी भंगार बघा ना. आमचं भंगार बघण्यासारखं आहे."

मग त्याने भंगार दाखवलं. पत्र्यांची छाटण वेगळी, कैच्यांचे तुकडे वेगळे, भोकं पाडताना निघालेल्या चकत्या वेगळ्या. हे सगळं शेजारच्या भट्टीत कसं जातं, वितळून त्याचे बांधकामाचे गज कसे होतात, ते तो सांगत राहिला. सांगता सांगता एक डोळा फाटकाकडे. घाम कपाळावरून चष्म्यात उतरत होता. छपरावरची सौर पॅनेल दाखवायला तर त्याने बाईंना शिडीवर चढवलं.

मॅडम देदेईंनी त्याला बाजूला ओढलं. "सेलोर्म, तू त्यांना तोच ढीग दोनदा दाखवलास."

"बारकावे राहून जातात, मॅडम."

"तुला बरं वाटत नाहीये का?"

तेवढ्यात पिकअप आत शिरली. पण सौर पॅनेल बघायला वर चढलेल्या अकोतोबाईंना तिथून तळं लख्ख दिसत होतं. कुणाच्या नजरेस पडू नकोस, हे याकुबूने मनावर घेतलं होतं. त्याने पिंप जेवणघराच्या मागे सावलीत उतरवलं आणि सेलोर्मला शोधायला तो कारखान्याच्या भलत्याच टोकाला गेला.

जेवणघर आंटी मान्साचं राज्य होतं. पाहुण्यांसाठी काय करावं या चिंतेत ती मागच्या दारी आली, तर पिंपात टपोरे, ताजे तिलापिया! कोणी पाठवले हे विचारत बसणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिने सुरी घेतली.

सेलोर्म एकदाचा निसटून जेवणघरामागे आला तेव्हा पिंपात नुसतं पाणी होतं, आणि भाजल्या माशांचा खमंग वास कारखानाभर पसरला होता.

"आंटी! मासे?"

"होतायत. हात धुऊन बस, बाळा."

बसण्यावाचून इलाज नव्हता. मॅडम देदेई अकोतोबाईंना थेट जेवायलाच घेऊन आल्या होत्या. बांकूचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे आले, वाटलेली मिरची आली आणि अख्खे भाजलेले मासे आले. अकोतोबाईंनी पहिला मासा काट्यापर्यंत साफ केला, दुसराही मागून घेतला. सेलोर्म मात्र बांकू नुसता चिवडत बसला.

"वा! मासे कुठले हो हे?" अकोतोबाईंनी विचारलं.

आंटी मान्साने कमरेवर हात ठेवले. "कुठले म्हणजे? आपल्या तळ्यातले!"

अकोतोबाईंचा हात तोंडाशी गेला होता, तो तिथेच थांबला. "पत्रे धुतलेल्या पाण्यातले?"

"दर आठवड्याला तेच तर करते. सगळे बोटं चाटून खातात." आंटीने मॅडमकडे बोट केलं. "यांना तर दोन लागतात."

मॅडम देदेईंचा चेहरा पडला. "मला वाटायचं तू बाजारातून आणतेस!"

"घरचं तळं असताना बाजारात कशाला जाऊ?"

तळं का रिकामं झालं ते सेलोर्मला आत्ता उमगलं. मासे मेले नव्हते; कैच्यांच्या खात्याने, रंगाऱ्यांनी आणि खुद्द मालकीणबाईंनी ते खाऊन संपवले होते. दर आठवड्याला स्वतः त्यानेही. त्याला राहवलं नाही. तो उभा राहिला.

"बाई, आजचे मासे तळ्यातले नाहीत. तळं रिकामं आहे. मी सकाळी घाबरलो आणि अशायमानहून मागवले. तुम्हाला फसवायचंच होतं, पण ते तळ्यापर्यंत पोचलेच नाहीत."

 मग आंटी मान्सा दुखावल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे विकतचे? मला वाटलं, आपल्याच तळ्यातले कुणी धरून दिले. तरीच म्हटलं, आज चव उतरलीय!"

अकोतोबाईंना जोराचा ठसका लागला. तो हसण्याचा होता की मिरचीचा, हे कळायला मार्ग नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "माशांची साक्ष मला चालत नाही. पाणीच बोलेल." त्यांनी तळ्याच्या चारी बाजूंनी पाणी भरून घेतलं, तळाचा गाळसुद्धा घेतला आणि त्या गेल्या.

त्यानंतरचे दिवस सेलोर्मने येरझाऱ्या घालण्यात काढले. फोन वाजला की दचकायचा, नाही वाजला की फोन बिघडला का ते बघायचा. कैच्यांच्या खात्यातली माणसं त्याला काही विचारायची नाहीत, नुसती बघायची. त्यांनी बोललेलं परवडलं असतं.

अखेर अकोतोबाईंचा फोन आला. पाणी स्वच्छ होतं, गाळही स्वच्छ होता. प्रमाणपत्र मिळणार होतं.

"फक्त एक दोष आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या अख्ख्या कारखान्यात सगळ्यात जास्त धूर जेवणघरातली ती लोखंडी चूल करते. ती बदला."

प्रमाणपत्र मॅडमच्या खोलीत भिंतीवर लागलं, शाळांचं काम आलं, कैच्यांच्या खात्याने सेलोर्मला खांद्यावर घेतलं. तळ्यात नवे मासे सुटले. सेलोर्मने छाटणीच्या पत्र्यांची झकास बिनधुराची चूल बनवून घेतली आणि जीव मुठीत धरून आंटी मान्साच्या हवाली केली. आंटीने तिच्यावर पहिला मासा भाजला, चाखला आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"खा. पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं का सांग."

वाटत होतं. आठवडाभरात खांद्यावर घेणारी माणसंच त्याला बघून ताटं आपटायला लागली. त्यानंतर एका दुपारी मॅडम देदेईंनी त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सेलोर्म," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ती जुनी चूल कुठे ठेवलीस?"

"भट्टीत गेली, मॅडम. एव्हाना गज होऊन कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर चढलीसुद्धा असेल."

मॅडमनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाठ केली.

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं.