गंगाधरकाकांची घाईची स्वारी

माझ्या राजधानीत धड एक धान्याचं कोठार उभं राहिलेलं नसायचं, तोवर गंगाधरकाकांचे दोन भालेवाले वेशीवर हजर. हा आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ. आळीपाळीनं डाव टाकायचे, शेती करायची, शहरं वसवायची आणि मग फुरसतीनं लढायचं. फुरसत काकांना ठाऊकच नव्हती.

काका आमचे नांदेडचे शेजारी, रिटायर्ड कंडक्टर. काकू गेल्यावर एकटेच असायचे. दर रविवारी सकाळी आंघोळ करून, गंध लावून माझ्याकडं यायचे आणि एकाच माऊसवर आम्ही दोघं राज्य करायचो. त्यांचा डाव चालू असताना मी भिंतीकडं तोंड करून बसायचं, हा त्यांचाच नियम. डाव झाला की तोंडानंच ‘टन टन’ म्हणायचे.

“काका, जरा शेतीबितीचं बघा की,” मी म्हणायचो.

“मास्तर, अर्धापूरच्या फाट्यावर गाडी भरायची वाट बघत बसलं की काळीपिवळीवाला सगळे पॅसिंजर उचलून नेतो. रिकामी तर रिकामी, आधी सोडायची.”

कधी मी आधीच तटबंदी करून ठेवायचो. मग भालेवाले मरायचे आणि मागं काकांची प्रजा उपाशी.

“हरलात?”

“हरलो न्हाई. ब्रेकडाऊन हाय. नवी गाडी काढा.”

असे एका सकाळी तीन-तीन खेळ. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणायची, “तीन राज्यं बुडवून झाली असतील तर भाजी आणा.”

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीनं त्यांना कायमचं लातूरला न्यायचं ठरवलं. “इथं एकटं राहून काय करून राहिलेत बाबा?” तिचं बरोबरच होतं. मला मात्र तिचा लई राग आला.

शेवटच्या रविवारी ती दुपारी जीप घेऊन येणार होती. काका नेहमीसारखे सकाळीच आले. दहावा डाव गेला, पंधरावा गेला, वेशीवर कुणी नाही. काका शेतं नांगरत होते. रस्ते बांधत होते. गाडी यायची वेळ होत आली, तेव्हा मीच राजधानीतले सगळे शिपाई बाहेर काढले. निदान जिंकून तरी जाऊ देत, एवढंच मनात होतं.

त्यांचा एक भालेवाला आला आणि वेशीशी थांबला. पुढच्या डावालाही तिथंच. त्याच्या पुढच्याही.

“घ्या की काका. आत कुणीच न्हाई.”

“दिसतंय मला.”

“मग?”

माऊसवरचा हात न काढता ते म्हणाले, “घेतलं की खेळ संपतो, मास्तर.”

बाहेर जीप येऊन थांबली. लेक हाका मारू लागली. या माणसानं जाऊ नये असं मला फार वाटलं.

माझा डाव होता. मी एक विहीर खोदायला घेतली. तिला आठ डाव लागतात.